पोटाचा नाजूक मामला

आपल्या पिढीला कशाची म्हणून लाज उरलेली नाही, असं म्हणतात. ब्रेकअप, बॉसने केलेला अपमान, फ्लॅटचे थकलेले हप्ते, थेरपिस्टची फी... सगळं आपण कॉफीच्या टेबलावर बिनधास्त मांडतो. पण 'यार, गेले चार दिवस मला झालेलीच नाही' असं कुणी म्हणताना ऐकलंय? २०१५ मध्ये शूजित सरकारने 'पिकू' काढला. अमिताभ बच्चनने अख्खा सिनेमाभर स्वतःच्या कोठ्याबद्दल भाषणं दिली, आपण पोट धरधरून हसलो आणि घरी येऊन पुन्हा गप्प!

या गप्पपणाचा परिणाम बघायचा असेल तर केमिस्टच्या काउंटरपाशी दहा मिनिटं उभं राहा. चांगला टाय लावलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला मुलगा आधी उगाच दोन क्रोसिन घेतो, मग बाजूची बाई जायची वाट बघतो आणि मग पुटपुटतो, "ते... पोट साफ व्हायला काहीतरी द्या ना." काहीतरी! मोबाइलचं कव्हर घेताना चार साइट्स पालथ्या घालणारा हा प्राणी पोटात जाणाऱ्या वस्तूबद्दल मात्र 'काहीतरी'वर समाधानी. समोरचा पोऱ्या जे हाताला लागेल ते कागदी पिशवीत घालतो. व्यवहार संपला.

मी यवतमाळची. माहेर तिथे, नोकरी पुण्यात. आमच्याकडे या बाबतीत पुण्याइतका सभ्यपणा नाही. सकाळी चहाचा कप हातात देता देता कुठलीही आत्या, काकू, शेजारची आजी सरळ विचारते, "काय वं, पोट साफ झालं का?" पाहुण्यांना विचारतात. नव्या जावईबापूंनाही सोडत नाहीत. मला कॉलेजात असताना याचा जाम राग यायचा. आता वाटतं, बरंच होतं ते. निदान घरात कुणाचं काय अडलंय ते सगळ्यांना माहीत असायचं.

आणि विचारायला कारणही आहे. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४-४५ पर्यंत चढतो. अंगातलं पाणी घामावाटे पळतं. मोठं आतडं आपलं काम इमानेइतबारे करत राहतं, म्हणजे उरलंसुरलं पाणी शोषून घेतं आणि मागे राहतात त्या गोट्या. २०१८ च्या उन्हाळ्यात शहराला पाणी देणारी निळोणा आणि चापडोह ही धरणं आटत आली होती, शहर टँकरवर आलं होतं. तेव्हा माणसं प्यायचं पाणीसुद्धा मोजून पीत. अशा दिवसांत कोठे जड होणारच.

पण म्हणून 'दिवसाला चार लिटर पाणी प्या, सगळं सुरळीत होईल' हा फंडा पूर्ण खरा नाही हं. अंगात पाणी कमी पडलं असेल तर ते भरून काढल्याने फरक पडतो. पुरेसं पाणी पिणाऱ्याने आणखी दोन लिटर ढोसलं, तर ते मूत्रपिंडावाटे निघून जातं. ऑफिसात फेऱ्या वाढतात, पण वेगळ्याच कामासाठी!

मुळात बद्धकोष्ठता म्हणायचं कशाला? रोज सकाळी सातला झालीच पाहिजे असा काही कायदा नाही. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, यातलं काहीही नॉर्मल असू शकतं, त्रास नसला म्हणजे झालं. आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा, कडक खडे, भरपूर कुंथावं लागणं, होऊनही काहीतरी राहून गेल्याची भावना... हे प्रकार आठवडे-महिने चालले की तिला बद्धकोष्ठता म्हणायचं. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी १९९७ मध्ये शौचाचे सात प्रकार दाखवणारा एक तक्ताच प्रसिद्ध केला. पहिला सुटे खडे, सातवा नुसतं पाणी, तिसरा-चौथा उत्तम. जगभरचे डॉक्टर तो वापरतात. तुम्हाला बोलायची लाज वाटत असेल तर डॉक्टरांना नुसता नंबर सांगा, 'सर, एक नंबर.' काम झालं!

आमच्या आईच्या लहानपणी हे असलं मोजमाप नव्हतं. महिन्यातला एक रविवार एरंडेलाचा. सगळी भावंडं ओळीने उभी, चहातून एरंडेल, वर तोंडात लिंबाची फोड. 'एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा' हा वाक्प्रचार कुठल्या साहित्यिकाने घरी बसून बनवलेला नाही, पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आलेला आहे. एरंडेल काम करतं यात शंकाच नाही. त्यातलं एक आम्ल लहान आतड्यात मोकळं होतं आणि आतड्याला जोरजोरात आकुंचन पावायला लावतं. दोन ते सहा तासांत निकाल. पण त्याबरोबर येणाऱ्या कळा, पाण्यासारखे जुलाब आणि गळून जाणं पाहता आजचे डॉक्टर ते पहिल्या फळीतून कधीच खाली उतरवून बसलेत. गरोदर बाईने तर त्याच्या वाटेला अजिबात जाऊ नये, कारण गर्भाशयही आकुंचन पावू शकतं.

आणि जाता जाता - तेल वेगळं, बी वेगळी. एरंडाच्या बीत विष असतं, ते तेलात उतरत नाही. आमच्या भागात शेताच्या कुंपणाला असते ती चंद्रज्योत, मोगली एरंड. तिच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून खाऊन शाळकरी पोरांना विषबाधा झाल्याच्या बातम्या विदर्भ-मराठवाड्यातून अधूनमधून येतच असतात. 'नैसर्गिक आहे, काही होत नाही' असं म्हणणाऱ्यांना मी या बियांची आठवण करून देते.

औषधाच्या आधी ताट. ज्वारीच्या पिठात १०० ग्रॅममागे साधारण १० ग्रॅम तंतू असतात, पांढऱ्या तांदळात आणि मैद्यात जेमतेम तीनच्या आसपास. दिवसाला लागतात साधारण ३० ग्रॅम. म्हणजे दोन मध्यम भाकऱ्या, वाटीभर तुरीचं वरण, अंबाडीची किंवा चवळीची भाजी आणि एक पेरू एवढ्यात बरंचसं गणित जमतं. हेच आमच्या वऱ्हाडातलं रोजचं जेवण होतं की! ते सोडून आपण सकाळी ब्रेड, दुपारी बर्गर, रात्री नूडल्सवर आलो आणि मग चूर्णाच्या जाहिराती बघत बसलो. फक्त एक करा, तंतू एकदम वाढवू नका. आठवड्या-दोन आठवड्यांत हळूहळू वाढवा. नाहीतर पोटात असा गॅस धरतो, की मीटिंगमध्ये बसणं मुश्कील.

एवढं करूनही अडलं तर औषध. इथे मात्र 'काहीतरी' चालत नाही, कारण रेचकांचे चार-पाच स्वभाव आहेत आणि ते एकमेकांहून अगदी वेगळे.

सगळ्यांत सज्जन म्हणजे इसबगोल. आपल्याच गुजरातेतल्या उंझा-सिद्धपूर पट्ट्यातून जगभर जातं. पाणी पिऊन फुगतं आणि शौच मऊ, भरीव करतं. पण त्याची एकच अट आहे, आणि लोक नेमकी तीच मोडतात. चमचाभर इसबगोल तोंडात टाकून वर घोटभर पाणी, असं नाही करायचं. भरलेल्या मोठ्या ग्लासात ढवळायचं, घट्ट व्हायच्या आत लगेच प्यायचं, वर आणखी पाणी. कमी पाण्यात घेतलं तर ते घशातच फुगून अडकू शकतं. अंथरुणात आडवं होता होता घेऊ नये. ज्यांना गिळायला त्रास होतो त्या म्हाताऱ्या माणसांना देऊ नये. इतर औषधांत आणि त्यात दोन तासांचं अंतर ठेवावं. आणि उद्या सकाळीच चमत्कार होईल अशी अपेक्षा नको, बारा तासांपासून तीन दिवसांपर्यंत काहीही लागू शकतं.

दुसरा स्वभाव पाणी खेचणाऱ्यांचा. लॅक्ट्युलोजचं गोड पातळ औषध, पॉलिएथिलीन ग्लायकॉल नावाची पावडर (केमिस्ट 'पेग' म्हणतात), मिल्क ऑफ मॅग्नेशिया. ही आतड्यात पाणी धरून ठेवतात. लॅक्ट्युलोजला दिवस-दोन दिवस लागतात आणि गॅस होतो. पेगचं बरंच चांगलं चाललंय. अमेरिकेतल्या पोटाच्या डॉक्टरांच्या दोन मोठ्या संघटनांनी २०२३ मध्ये जुनाट बद्धकोष्ठतेसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात पेगची ठाम शिफारस आहे. फक्त पाकीट घेताना बघून घ्या. रोजच्या डोसची पुडी छोटी असते. दुसरं मोठ्ठं पाकीट असतं, ते कोलोनोस्कोपीच्या आधी दोन लिटर पाण्यात कालवून आख्खं आतडं धुऊन काढण्यासाठी. नाव सारखंच दिसतं. ज्याला छोटं हवं त्याने मोठं आणलं, तर पुढचा दिवस कुठे जाईल ते सांगायला नको! मॅग्नेशियाबद्दल एकच - मूत्रपिंड अधू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, मॅग्नेशियम रक्तात साठत जातं.

तिसरा स्वभाव ढकलणाऱ्यांचा. सोनामुखी, बिसाकोडिल, सोडियम पिकोसल्फेट. ही मोठ्या आतड्याच्या स्नायूंनाच चालना देतात. घराघरांत दिसणाऱ्या बऱ्याच चूर्णांत मुख्य काम सोनामुखीच करते, डब्यावर वाचून बघा. बिसाकोडिलची गोळी, म्हणजे आपली डल्कोलॅक्स वगैरे, ५ मिलिग्रॅमची. रात्री झोपताना एक, फार तर दोन, सकाळी सहा ते बारा तासांत परिणाम. हिच्यावर एक खास आवरण असतं, ते पोटात न विरघळता आतड्यात जाऊन विरघळावं म्हणून. त्यामुळे ती चावायची नाही, कुटायची नाही आणि घेण्याच्या आधी-नंतर तासभर दूध किंवा अ‍ॅसिडिटीचं औषध नाही. आपल्याकडे रात्रीची गोळी म्हटलं की ती गरम दुधाबरोबरच घ्यायची, असा एक अलिखित नियम आहे. इथे तो मोडा. नाहीतर आवरण पोटातच सुटतं आणि मग मळमळ, कळा.

या औषधांबद्दल एक धाक आपण सगळ्यांनी ऐकलाय - 'सवय लागेल, आतडं आळशी होईल, मग गोळीशिवाय होणारच नाही.' बऱ्याच जुन्या डॉक्टरांनीही तो घातलेला आहे. आजचं मत थोडं मवाळ आहे. ठरलेल्या डोसात घेतली तर ही औषधं आतडं कायमचं निकामी करतात, याला पक्का पुरावा सापडलेला नाही. वर सांगितलेल्या २०२३ च्या तत्त्वांतही बिसाकोडिल आणि पिकोसल्फेटला चार आठवड्यांपर्यंत किंवा मधूनमधून अडल्यावेळी वापरायला हिरवा कंदील आहे. पण तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली. स्वतःच्या मनाने घेत असाल तर आठवड्याभरात थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. त्याचं खरं कारण आतड्याचा आळस नाही. रोज गोळी लागतेय याचा अर्थ मुळात का अडतंय ते अजून कुणी शोधलेलं नाही.

यावरून आठवलं. आमचे दारव्ह्याचे मामा, वय ६८. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात त्यांना दोन दिवस झाली नाही. पोट फुगलं, दुखायला लागलं, मग उलट्या. घरात एकमत - उष्णता! मामी म्हणाल्या, "काई नाई जी, पोट बांधलं हाये नुसतं. एरंडेल दिलं का उतरते." शेजारच्या काकूंनी तर सुंठीचं पाणी उकळायलाही ठेवलं. मामेभाऊ एरंडेल संपलं म्हणून केमिस्टकडे गेला. सोबत 'खालून ठेवायच्या' दोन गोळ्याही आणायच्या होत्या. दुकानातला माणूस वयाने फार मोठा नव्हता, पण त्याने बाटली काउंटरवर ठेवली आणि हात तिच्यावरच ठेवून विचारलं, "भाऊ, वारा सरून राह्यला का त्यायचा?" भावाने मामांना फोन लावला. नाही, कालपासून वाराही सरला नव्हता. "उलट्या होऊन राह्यल्या?" हो. "जांघेत गाठ-बिठ हाये का?" इथे फोनवर बराच वेळ शांतता. मग मामा म्हणाले, आहे. गेली सहा वर्षं आहे. आडवं पडलं की आत जायची, यावेळी गेली नाही. सहा वर्षं घरात कुणालाही पत्ता नाही!

अंतर्गळ. हर्निया. त्यात आतड्याचा वेढा अडकला होता. त्या माणसाने एरंडेल दिलं नाही, गोळ्या दिल्या नाहीत, नुसतं म्हणाला, "पाणीही देऊ नका, गाडी काढा." तासाभरात मामा यवतमाळच्या एका दवाखान्यात, रात्री ऑपरेशन. आतड्याचा रंग काळवंडायला लागला होता, पण परत आला, कापावं लागलं नाही. मला पुण्यात फोन आला तो सगळं झाल्यावर. पुढे काय नळी बंद असताना मागून एरंडेलाचा जोर लावला असता, तर काय झालं असतं, हे सर्जनने मामीला कागदावर आकृती काढून दाखवलं. मामींनी तो कागद अजून देवघरातल्या पोथीत ठेवलाय.

म्हणून हे वाक्य कात्रण करून फ्रीजवर लावा हवं तर. पोट फुगलंय, उलट्या होतायत, वाराही सरत नाही किंवा पोटात न कळणारी जोराची दुखी आहे, तर रेचक नाही. तोंडातून नाही, खालूनही नाही. अपेंडिक्स सुजलेलं असतानाही हेच. थेट डॉक्टर. शौचातून रक्त, कारण नसताना घटतं वजन, रक्त कमी होणं किंवा पन्नाशीनंतर अचानक बदललेली सवय, यांच्यासाठी अगदी रात्री गाडी काढायची गरज नाही, पण त्याच आठवड्यात दाखवायला हवं. 'मूळव्याध असेल' म्हणून बसायचं नाही.

आता त्या खालच्या गोळीबद्दल. सपोझिटरी. नाव काढलं तरी लोक खिदळतात. पण खडा अगदी दाराशी येऊन अडलाय आणि तासाभरात सुटका हवीय, तेव्हा तिच्याइतकं कामाचं काही नाही. ग्लिसरीनची साधी असते, ती जागा ओली करते आणि थोडी चुरचुर करून संवेदना जागी करते. बिसाकोडिलची मोठ्यांसाठी १० मिलिग्रॅमची, पाव तास ते तासाभरात परिणाम. म्हणून ही रात्री झोपताना नाही, घरात आणि बाथरूमजवळ असतानाच वापरायची.

ती गिळायची नसते. हसू नका, अशी माणसं प्रत्येक डॉक्टरला भेटलेली असतात. चकचकीत वेष्टन पूर्ण काढायचं, हेही सांगावं लागतं. हात धुवा. गोळी नुसत्या पाण्याने ओली करा, व्हॅसलिन फासलं तर औषध नीट सुटत नाही. डाव्या कुशीवर झोपा, वरचा गुडघा पोटाशी घ्या, निमुळतं टोक पुढे ठेवून बोटाने इंचभर आत सरकवा. बिसाकोडिलची असेल तर ती शौचाच्या खड्यात रुतवून उपयोग नाही, आतड्याच्या भिंतीला टेकायला हवी. मग तसंच पडून राहा. दोन मिनिटांत 'आली आली' वाटतं, ती नुसती गोळीची जाणीव असते. पंधरा-वीस मिनिटं दम धरा. त्या जागी चीर पडलेली असेल, मूळव्याध सुजलेली असेल किंवा रक्त येत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि इथे यवतमाळकरांसाठी खास सूचना. बिसाकोडिलची सपोझिटरी ज्या स्निग्ध पदार्थात बनवतात तो शरीराच्या उष्णतेला, म्हणजे ३७ अंशांच्या आसपास विरघळावा, अशीच त्याची रचना असते. आत गेल्यावर विरघळायला हवी ना! मग बाहेरच ४५ अंश असताना कपाटात ठेवलेल्या गोळीचं काय होणार? वेष्टनात तूप. त्यामुळे उन्हाळ्यात तिची जागा फ्रीजमध्ये. आमच्या घरी ती अंबाडीच्या चटणीशेजारी एका डब्यात असते आणि डब्यावर आईने मोठ्या अक्षरांत 'खायचे नाही' लिहून ठेवलंय. नुसती मऊ पडली असेल तर वेष्टनासकट गार पाण्यात थोडा वेळ धरली की कडक होते. पूर्ण वितळून वाकडीतिकडी गोठलेली मात्र टाकून द्या.

आईच्या त्या चिठ्ठीला कुणी हसलं की मी घाटंजी तालुक्याची आठवण देते. ३१ जानेवारी २०२१, पोलिओचा रविवार. कापसी-कोपरी गावात बारा चिमुरड्यांना पोलिओच्या थेंबांऐवजी हॅंड सॅनिटायझर पाजलं गेलं. नशीब, मुलं बचावली. तिथे तर प्रशिक्षित माणसं होती. आपल्या घरी चष्मा न लावता, रात्रीच्या अंधारात, एकसारख्या दिसणाऱ्या बाटल्या हाताळणारी म्हातारी माणसं असतात. पिण्याचं औषध, एनिमाची बाटली आणि फिनेल एका फळीवर ठेवू नका, प्लीज.

एनिमाबद्दल थोडंच, पण महत्त्वाचं. केमिस्टकडे मिळणारा तयार एनिमा बहुतेकदा सोडियम फॉस्फेटचा असतो. एकाने भागलं नाही म्हणून त्याच दिवशी दुसरा, असं अजिबात करू नका. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ मध्ये याबद्दल स्वतंत्र इशारा दिला होता. २४ तासांत एकाहून जास्त डोस घेतल्यावर मूत्रपिंड आणि हृदयाला गंभीर इजा झाल्याच्या आणि माणसं दगावल्याच्या नोंदी होत्या. धोका कुणाला जास्त? पंचावन्नच्या पुढचे, पाच वर्षांखालची मुलं, मूत्रपिंडाचे रुग्ण, बीपीच्या काही गोळ्या किंवा आयबुप्रोफेनसारखी दुखण्यावरची औषधं घेणारे आणि अंगात पाणी कमी झालेले. मे महिन्यातल्या यवतमाळात हे शेवटचं वर्णन कुणालाही लागू पडतं!

आता जरा आपल्या लोकांकडे वळू या. जिमच्या लॉकरमध्ये, ऑनलाइन ऑर्डरमध्ये 'डिटॉक्स टी', 'स्लिमिंग टी' दिसतात. पाकिटामागची बारीक अक्षरं वाचा. अनेकांत सोनामुखी असते. दुसऱ्या दिवशी काटा एक किलो खाली दाखवतो, आपण खूश. तो किलो चरबीचा नसतो, पाण्याचा असतो. रेचकं काम करतात मोठ्या आतड्यात, आणि कॅलरी त्याआधीच लहान आतड्यात शोषल्या गेलेल्या असतात. वजन उतरवायला रोज रेचक घेणाऱ्यांच्या अंगातलं पोटॅशियम उतरतं, आणि ते फार उतरलं की हृदयाचे ठोके बिघडतात. लग्नाच्या लेहंग्यात बसायला हा उपाय करणारी मैत्रीण असेल तर तिला गोडीत सांगा. ऐकलं नाही तर तिच्या आईला सांगा, मैत्री गेली तरी चालेल.

दुसरं, ऑफिस. दुपारी तीनला कळ येते, पण वॉशरूमबाहेर अख्खी सेल्स टीम उभी. दाबली. प्रवासात तर बायकांचे हालच. पुण्याहून यवतमाळची ट्रॅव्हल्स रात्रभर धावते, ढाब्यावरच्या संडासचं दार लागत नाही, म्हणून संध्याकाळपासूनच पाणी बंद. मी ओळखते अशा प्रत्येक बाईने हे केलेलं आहे. सतत कळ दाबत राहिलं की हळूहळू ती जाणवेनाशी होते, आत खडा आणखी कोरडा होत जातो. मग मुर्तिजापूरहून निघायची ती आमची शकुंतला गाडीसुद्धा फास्ट वाटावी, अशी आतड्याची चाल होते. (ती नॅरोगेज बिचारी आता बंद आहे.) उपाय साधा आहे, पण त्याला सकाळी वीस मिनिटं लागतात. चहा-नाश्त्यानंतर आतड्याला आपोआप जाग येते, त्या वेळी मोबाइल बाहेर ठेवून बसा. कमोड असेल तर पायाखाली छोटा पाट घ्या. गुडघे वर आले की आतली वाट सरळ होते. आपल्या भारतीय बैठकीत हे फुकटात मिळत होतं.

तिसरं, तुमच्या औषधांचा डबा तपासा. लोहाच्या गोळ्या, काही कॅल्शियमच्या गोळ्या, कोडिनचं खोकल्याचं औषध, ऑपरेशननंतरच्या तीव्र वेदनाशामक गोळ्या, नैराश्यावरची काही जुनी औषधं, बीपीच्या काही गोळ्या, यातलं कुठलंही कोठा बांधू शकतं. मधुमेह आणि थायरॉइड मंदावणं हेही. अशा वेळी औषध आपल्या मनाने बंद करायचं नाही. डॉक्टरांना नुसतं म्हणायचं, 'ही सुरू केल्यापासून होत नाही.' बरेचदा पर्याय असतो. आमच्या मामांना ऑपरेशननंतर वेदनेच्या गोळ्यांबरोबरच पेगची पुडी लिहून दिली होती, आधीच. कुंथायचं नव्हतं ना, टाके होते.

शेवटी बाळंतिणीच्या खोलीकडे. तान्ह्याने दोन दिवस शी केली नाही की आपल्याकडच्या आज्या विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून किंवा साबणाची काडी करून लावतात. कल्पना सपोझिटरीचीच आहे, मानलं पाहिजे! पण साबणाने आतली नाजूक त्वचा भाजल्यासारखी होते आणि देठाने ओरखडा निघू शकतो. फक्त अंगावर पिणारं बाळ महिना-दीड महिन्याचं झालं की कधी कधी चार-पाच दिवस करत नाही. दूध नीट पीत असेल, वजन वाढत असेल, पोट मऊ असेल आणि शेवटी झालेली शी मऊ असेल, तर ती बद्धकोष्ठता नव्हेच. पण जन्मल्यावर पहिली काळी शी व्हायलाच दोन दिवस लागले असतील, पोट फुगत असेल किंवा हिरवी उलटी झाली असेल, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञ. आणि आजी हातात देठ घेऊन उभ्याच असतील, तर त्यांना पान लावायला बसवा.